लोकर आहे, सूत नाही

आषाढीच्या वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत येते. गावात परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मग धनगर आपली मेंढरं घेऊन पुढे येतात. पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला घोडे धावतात, पण काटेवाडीचा मान मेंढ्यांचा. कळपाला रोगराई होऊ नये, वर्ष नीट जावं, ही त्यामागची श्रद्धा. बातम्यांमध्ये हे रिंगण दरवर्षी दिसतं. धूळ, भंडारा, हरिनामाचा गजर, मेंढरांची पळापळ. वार्ताहर त्यांची संख्या सांगतो, मेंढक्यांच्या फेट्यांचं कौतुक करतो. या मेंढ्यांच्या अंगावरच्या लोकरीचं पुढे काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

बहुतेक वेळा काहीच होत नाही. कातरलेली लोकर बांधाला पडून राहते, कुठे खड्ड्यात टाकतात, कुठे पेटवून देतात. फिरता व्यापारी आला तर पोत्यात भरून नेतो, पण त्याचे पैसे कातरणीच्या मजुरीलाही पुरतीलच असं नाही. मेंढीच्या अंगावर लोकर ठेवून चालत नाही. उन्हाळ्यात तिला ती सोसत नाही, पावसात भिजून जड होते, गोचिडं-पिसवा होतात. म्हणून वर्षातून दोनदा कातरणी करावीच लागते. ज्या वस्तूसाठी एकेकाळी घोंगड्या विणणारा सणगर धनगराच्या वाड्यावर खेपा घालायचा, ती आता पदरचे पैसे देऊन अंगावरून उतरवायची झाली आहे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. मेंढीमागे वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर धरली तरी साडेतेरा लाख किलोंचा हिशेब होतो. म्हणजे कच्च्या मालाचा तुटवडा नाही. घोंगडीला गिऱ्हाईकही अगदीच संपलेलं नाही. तरी घोंगडी विणणारी घरं एकेक करून माग बंद करतात. असं का होतं, हे समजून घ्यायला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके चांगले आहेत, कारण मेंढी टिकली आणि लोकर बुडाली ही गोष्ट इथे डोळ्यांदेखत घडली आहे.

बाहेरच्या माणसाला बारामती म्हटलं की ऊस, कारखाने आणि राजकारण आठवतं. त्यात चूक नाही, पण हे चित्र कालव्याच्या एका अंगाचं आहे. भाटघरच्या धरणाच्या पाण्यावर चालणारा नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि नीरेच्या काठची जमीन बागायत झाली. गूळ आला, मग सहकारी कारखाने आले, माळेगाव आणि भवानीनगर ही नावं महाराष्ट्रभर झाली. कालव्याच्या वर मात्र जिराईत तसंच राहिलं. सुपे, मोरगाव, लोणी भापकर, शिर्सुफळ आणि तिकडे इंदापुरात कडबनवाडीच्या बाजूला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. उघडी माळरानं, कुसळी गवत, बोरी-बाभळी. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा मेंढीसाठीच घडवल्यासारखा आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्रफळ अवघं पाच चौरस किलोमीटर. चिंकारा, लांडगा आणि मेंढी यांचं रान एकच. लांडग्याचं आणि धनगराचं वैर जुनं आहे, पण गवत उरलं तरच दोघंही उरणार आहेत. कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे आता वनखातं पर्यटकांना गवताळ रानाची सफारी घडवतं. वर्षानुवर्षं ज्याला ‘पडीक’ म्हणून सरकारी कागदांत हिणवलं त्या माळाला तिकीट लागलं, ही गंमत धनगरांच्या नजरेतून सुटलेली नसणार.

या भागातल्या धनगरांचा इतिहासही साधासुधा नाही. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर हे आडनाव आलं आणि धनगराच्या घरी जन्मलेल्या मल्हाररावांनी पुढे इंदूरचं राज्य उभं केलं. पण राजवाड्यांच्या कथा बाजूला ठेवल्या तर रोजचं जगणं वाड्याभोवती फिरतं. इथे वाडा म्हणजे दगडी चिरेबंदी वास्तू नव्हे. रानात मुक्कामाला उतरलेलं बिऱ्हाड, त्याची मेंढरं, कुत्री, सामान वाहणारी तट्टं, जाळीत ठेवलेली कोकरं, तट्टाच्या पाठीवर गाठोड्यांच्या वर बसलेल्या कोंबड्या आणि कधी कधी लहान पोरंही, हे सगळं मिळून वाडा. पाऊसकाळात गावाकडचं माळरान आणि दिवाळीनंतर चाऱ्यामागे घाटाकडे, मावळाकडे, कोकणाकडे असा फेरा असतो.

ऊस आला म्हणून मेंढी गेली, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. ऊस तोडला की शेतात पाचट राहतं, वाढं मिळतं. पिकं निघालेल्या रानात शेतकरी कळप रात्रभर बसवून घेतो. मेंढ्यांचं लेंडीखत आणि मूत्र जागच्या जागी जमिनीत मुरतं, आणि त्या बदल्यात मेंढक्याला धान्य किंवा रोख रक्कम मिळते. रासायनिक खताचे भाव वाढले तसा या खताचा भाव आणखी वाढला. त्यात मटणाचा दर चढत गेला. लोणंदचा मेंढीबाजार बारामतीपासून फार लांब नाही. तिथे बोकडाला, मेंढीला काय मिळतं यावर घरचं वर्ष ठरतं. खत आणि मांस या दोन पायांवर मेंढपाळी उभी राहिली आणि लोकर हा तिसरा पाय हळूहळू गळून पडला.

ही मेंढी दख्खनी जातीची. तिचे लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे पोटप्रकार आहेत. रंग बहुतेक काळा, अंग किरकोळ, पाय लांब, चालण्यात वाघ. दिवसभर पायपीट करून काट्याकुट्यांवर जगते, पाण्यावाचून दम धरते. नीरा ओलांडली की फलटण. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं या मेंढीवर अनेक वर्षं काम केलं. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची ठेंगणी मेंढी असते. तिला जुळी होतात, कारण तसं एक जनुकच तिच्यात आहे. बी. व्ही. निंबकर आणि नंतर डॉ. चंदा निंबकर यांनी ते जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ ही जुळी देणारी मेंढी तयार केली. मेंढपाळाच्या दृष्टीनं हा मोठाच फायदा, कारण एका वेतात एक कोकरू मिळण्याऐवजी दोन मिळाली तर कळपाचं गणित बदलतं. दुसरीकडे सांगलीच्या जत तालुक्यातून आलेल्या माडग्याळ जातीच्या नरांची हौस वाढली. बाकदार नाकाचा, पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांचा हा नर उंचापुरा, वजनदार. त्याच्या अंगावर लोकर फारशी नसते आणि आजच्या मेंढक्याला ते सोयीचंच वाटतं. कातरणी वाचते ना.

थोडक्यात, लोकर हे मेंढीपासून मिळणारं उत्पन्न न राहता मेंढीमागची कटकट झाली. शास्त्रज्ञ मांसाकडे वळले, सरकारी योजनाही बहुतेक मेंढ्यांच्या वाटपाच्या. पुण्यात मुख्यालय असलेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. त्यांतून मेंढ्या मिळाल्या, नर मिळाले. सूत काढणाऱ्या बाईला काय मिळालं, हा प्रश्न त्या कागदांत फारसा डोकावत नाही.

दख्खनी लोकरीला नाक मुरडणाऱ्यांचीही बाजू आहे. लोकरीची प्रत तंतूच्या जाडीवर ठरते आणि जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. लडाखच्या चांगथांगमधल्या बकऱ्यांची पश्मीना १२ ते १६ मायक्रॉनची, स्वेटरची मेरिनो साधारण २०च्या आसपास, आणि आपली दख्खनी चाळिशीच्या पुढची. त्यात भर म्हणजे तंतू आखूड आणि राठ, मधेमधे केसच जास्त. गिरणीतल्या यंत्राला हा माल आवडत नाही. सूत तुटतं, अंगाला टोचतं. म्हणून कापडउद्योगाच्या भाषेत ही ‘गालिच्याची लोकर’, किंवा सरळ टाकाऊ.

पण हिमालयातही सगळं पश्मीना नसतं. चांगथांगचे भटके पशुपालक याकच्या अंगावरचे लांब, जाड, काळे केस वेगळे काढतात, त्यांच्या दोऱ्यांपासून पट्ट्या विणतात आणि त्या जोडून तंबू शिवतात. अशा तंबूला तिथे रेबो म्हणतात. त्याच याकच्या पोटाशी असलेली मऊ लव निराळ्या कामाला जाते. एकाच जनावराच्या केसांतून एक वस्त्र अंगाला लावायचं आणि एक वस्त्र वाऱ्या-बर्फाला अडवायचं. दोघांना एकाच तराजूत कोणी तोलत नाही. घोंगडी ही पश्मीनेची गरीब बहीण नव्हेच, तिचं नातं रेबोशी आहे. ती उघड्यावर राहणाऱ्याचं घर आहे. तिला शालीच्या मापानं मोजलं, तिथेच तिचा अपमान झाला.

पावसाळ्यात रानातला मेंढका घोंगडी कशी घेतो ते पाहण्यासारखं असतं. लांबीची दोन टोकं जुळवून एका कोपऱ्याची खोळ करायची आणि ती डोक्यावर चढवायची. पाठ, खांदे, गुडघे झाकले जातात, हात मोकळे राहतात. पाऊस पडतो तो वरच्या केसांवरून निथळून दशांवाटे खाली गळतो. रेनकोट घातलेला माणूस आतून घामानं भिजतो, घोंगडीतला भिजत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ओलावा शोषताना ती थोडी ऊबही सोडते. राठ केस आतून पोकळ असतात, तंतूंना नैसर्गिक पीळ असतो, त्यामुळे मधे हवा कोंडून राहते. शेकोटीची ठिणगी उडाली तर लोकर भडकत नाही, जळून जागच्या जागी विझते. रात्री तीच घोंगडी अंथरायची, त्यावरच निजायचं, आजारी कोकरू असेल तर त्यालाही त्यातच घ्यायचं. पाहुणा आला की जमिनीवर घोंगडी पसरून बसायला देतात. आजच्या राजकारणात ‘घोंगडी बैठका’ घेतात त्या या रिवाजावरूनच, मग प्रत्यक्षात सतरंजी असो नाहीतर प्लास्टिकच्या खुर्च्या.

आता ती होते कशी ते पाहू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात, तळ्यात नेऊन धुतात. मग एकेकीला आडवी पाडून पाय धरायचे आणि लोखंडी कातरीनं लोकर उतरवायची. कसबी माणूस कातडीला ओरखडा न येऊ देता एकसंध उतरवतो. कोकराची पहिली कातरणी निघते ते जावळ. ते सर्वांत मऊ. जावळाची घोंगडी पूर्वी लग्नात जावयाला, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्याला द्यायची चीज होती आणि आजही तिला सर्वांत जास्त दाम पडतो. उरलेल्या लोकरीतून काटे, कुसळं, लेंड्या वेचायच्या. कुसळी गवताच्या रानात चरणाऱ्या मेंढीच्या लोकरीतून कुसळं काढायची म्हणजे बोटांची परीक्षाच. काळी, पांढरी, तपकिरी अशी लोकर रंगानं निवडून ठेवायची, कारण अस्सल घोंगडीला रंग देत नाहीत. मेंढीचा रंग हाच घोंगडीचा रंग आणि काठाचे पट्टे दुसऱ्या मेंढीचे.

मग पिंजण. पूर्वी धनुकलीच्या तातीवर लोकर उडवून मोकळी करायचे, आता जिथे सोय आहे तिथे यंत्रावर पिंजून आणतात. पिंजलेल्या लोकरीचे बोटभर जाडीचे लांबट पेळू करायचे आणि ते चरख्यावर कातायचे. हे काम जवळजवळ सगळं बायकांचं. रानात मेंढरामागे चालताना पुरुषही टकळीवर सूत काढत, पण मागाला पुरेल एवढं सूत घरच्या चरख्यावरच निघायचं. लोकर आखूड असल्यानं पेळू सारखा तुटतो. डाव्या हाताचा अंदाज थोडा चुकला की सूत कुठे दोरीसारखं जाड, कुठे केसासारखं बारीक होतं. ताण्याचं सूत जास्त पिळाचं लागतं, बाण्याचं सैल चालतं. हा फरक वर्षानुवर्षांच्या सवयीनं हातात बसतो.

सूत झालं की गल्लीत किंवा अंगणात ओळीनं खुंटे ठोकून ताणा ताणायचा. घोंगडी विणणाऱ्या धनगरांच्या एका शाखेचं नाव खुटेकर पडलं ते याच खुंट्यांवरून, आणि सणगर ही तर या कामाचीच जात. ताणलेल्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, वरचं टरफल काढून, भिजवून वाटायचे आणि शिजवून चिकट खळ करायची. मोठ्या कुंच्यानं ती सुतावर चढवत, सूत एकमेकांना चिकटू नये म्हणून विंचरत जायचं. उन्हात ताणा वाळला की सूत तारेसारखं ताठ होतं आणि मागावर फणीचे फटके सोसतं. पावसात हे जमत नाही, म्हणून पावसाळा हा सणगराचा रिकामा काळ.

माग खड्ड्याचा. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात, पायाखाली पावड्या. एक पावडी दाबली की ताण्याचे निम्मे धागे वर उचलतात. मधल्या फटीतून धोटा या हातातून त्या हातात जातो, फणीचा ठोका बसतो, मग दुसरी पावडी. जमीन थोडी ओलसर असते त्याचाही सुताला फायदा होतो. नऊ-साडेनऊ फूट लांब आणि साडेचार फुटांच्या आसपास रुंद अशी घोंगडी उतरली की कडा शिवायच्या, दशांना पीळ घालायचा. नवी घोंगडी खळीमुळे पुठ्ठ्यासारखी ताठ असते, तिला लोकरीचा उग्र वास येतो. धुवून, तुडवून, वापरून ती मऊ पडते आणि धागे एकमेकांत गच्च बसतात. दुकानातून आणल्या दिवशी जी टोचते, तीच चार-दोन पावसाळ्यांनंतर मालक कोणाला द्यायला तयार होत नाही.

दोन-अडीच किलोंच्या एका घोंगडीला चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर जाते. कसबी माणूस मागावर ती दिवस-दोन दिवसांत विणून काढतो. पण तेवढं सूत कातायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे एक माग चालायचा तर मागे अनेक चरखे फिरायला हवेत. साखळी तुटली ती इथे. घोंगडी मेली की सगळे विणकराच्या नावानं गळा काढतात, सरकारी पुरस्कार मिळाला तरी मागावर बसलेल्या माणसाला मिळतो. छायाचित्रही त्याचंच. चरखा चालवणारी बाई चौकटीबाहेर. तिला सुताच्या वजनावर मिळणारी मजुरी शेतातल्या खुरपणीच्या रोजाच्या जवळपासही पोचत नव्हती. ऊस-द्राक्षांच्या पट्ट्यात रोजगार मिळू लागला, मुली शाळेत गेल्या, आणि सासूचा चरखा सुनेनं घेतला नाही. सुनेनं केलं ते शहाणपणाचंच होतं. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत टेक्स्टाइल पार्क उभं राहिलं, तिथे तयार कपडे शिवायला हजारो बायका जातात. म्हणजे वस्त्राच्या कामाला इथल्या बायकांचे हात तयार आहेत. महिन्याचा पगार मिळतो तिकडे ते गेले, एवढंच.

बाजारानंही काही कमी केलं नाही. पानिपत हे जुन्या लोकरीच्या कपड्यांतून नवं सूत काढणाऱ्या धंद्याचं जगातलं मोठं ठाणं. परदेशातून आलेले जुने स्वेटर, कोट फाडून त्यांचा भुसा करतात, त्याचं सूत आणि त्या सुताची ब्लँकेटं. शिवाय अ‍ॅक्रिलिकची फुलाफुलांची ब्लँकेटं. आठवडी बाजारात ही दोन्ही घोंगडीच्या किमतीच्या अंशात मिळतात, वजनाला हलकी, अंगाला मऊ. रानातल्या धनगराच्या खांद्यावरही आता बऱ्याचदा तेच दिसतं आणि पावसाला वर प्लास्टिकचा कागद. मुंबई-पुण्यातल्या माणसानं त्याला ‘परंपरा सोडलीस’ म्हणून बोल लावणं सोपं आहे.

दुसरीकडे व्यासपीठावर घोंगडीचा मान भलताच वाढला आहे. पुढारी गावात आला की पिवळा फेटा, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. इंदापूर-बारामतीच्या निवडणुकीत तर सगळ्याच पक्षांच्या खांद्यांवर ती चढते. फोटो निघाला की कार्यकर्ता ती घडी करून गाडीत टाकतो. अशा सत्काराला आणलेली घोंगडी हातमागाची आहे की यंत्रावरची, हे आणणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

देवाधर्मात मात्र ती अजून भक्कम उभी आहे. बिरोबाच्या, म्हस्कोबाच्या, खंडोबाच्या विधींत आधी घोंगडी अंथरली जाते, मग देव मांडले जातात, देवाला आळवणारं सुंबरान घातलं जातं. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्याची कैक वर्षं दख्खनच्या धनगरांबरोबर काढली आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये आला. पुरंदर तालुक्यातल्या वीर गावचा म्हस्कोबा त्यांच्यामुळे जगभरच्या विद्यापीठांत पोचला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचं मूळ गोपजनांच्या, धनगर-गवळ्यांच्या देवात शोधलं. कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भाविक भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. ज्या लोकरीला व्यापारी पोत्यामागे चिल्लर देतो, ती तिथे देवावर ओवाळून टाकायच्या योग्यतेची ठरते.

पुन्हा जुळवाजुळव करण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि त्यांतले काही लक्ष देण्यासारखे आहेत. सेंटर फॉर पास्टोरॅलिझम ही संस्था देशभरच्या पशुपालकांबरोबर देशी लोकरीवर काम करते. तिच्यासाठी सुरेश एरियत यांच्या स्टुडिओनं खऱ्या लोकरीतून बाहुल्या आणि देखावे घडवून ‘देसी ऊन’ नावाचा छोटा अ‍ॅनिमेशनपट केला. दख्खनी मेंढीची आणि तिच्या लोकरीची ही कैफियत २०२५ मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅनसी महोत्सवात गौरवली गेली. अ‍ॅनिमेशनच्या दुनियेत अ‍ॅनसीचा मान फार मोठा. पुण्याच्या ‘अंथ्रा’ या पशुवैद्यक स्त्रियांनी उभ्या केलेल्या संस्थेनं त्याआधीच दख्खनी मेंढी आणि धनगरांचं पशुज्ञान यांवर चिकाटीनं काम केलं होतं. काही तरुणांनी घोंगडी ऑनलाइन विकायला काढली. त्यामुळे शहरातलं आणि परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं, विणकराला आगाऊ मागणी मिळू लागली. बॅगा, आसनं, चटया, भिंतीवरची वस्त्रं असे नवे प्रकार आले. जे राठ आहे त्याला अंगाशी न लावता पायाखाली किंवा भिंतीवर न्यायचं, ही युक्ती बरी आहे.

विक्रीच्या भरात काही अतिरेकही होतो. घोंगडीवर झोपलं की पाठदुखी जाते, संधिवात बरा होतो, साखर उतरते, साप जवळ येत नाही, अशी यादी जाहिरातींत वाढतच चालली आहे. उबेनं आखडलेल्या पाठीला बरं वाटतं, इथपर्यंत ठीक. त्यापुढचं सिद्ध झालेलं नाही. पाऊस, थंडी आणि ठिणगी यांना जी वस्तू एकाच वेळी पुरून उरते तिला औषधाच्या बाटलीत बसवण्याची गरज नाही.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक वाट चाचपडून पाहायला हवी. लोकर म्हणजे प्रथिन, त्यात नत्र भरपूर. ती मातीत सावकाश कुजते, तोवर पाणी धरून ठेवते. युरोप-अमेरिकेत टाकाऊ राठ लोकरीच्या गोळ्या करून बागेत खत म्हणून विकतात. बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे, ठिबकवर प्रयोग करणारे शेतकरी आहेत, आणि बांधाला पेटवली जाणारी लोकरही आहे. घोंगडीच्या योग्यतेची लोकर मागाकडे आणि उरलेली, कुसळांनी भरलेली झाडाच्या बुंध्याशी, अशी वाटणी झाली तर निदान कातरणीचा खर्च निघेल. पण त्यानं चरखा फिरणार नाही. चरखा फिरायचा तर सुताचा दर शेतमजुरीच्या रोजाच्या बरोबरीला आणावा लागेल, नाहीतर या आखूड, राठ लोकरीला झेपेल असं लहान, गावात चालणारं कताईयंत्र लागेल. दोन्हींचा अर्थ एकच : अस्सल घोंगडी आजच्यापेक्षा स्वस्त होणार नाही.

ज्याला ती घ्यायची असेल त्यानं माणदेशातलं म्हसवड किंवा सोलापूरकडचं सांगोला गाठावं. या भागांतल्या घोंगडीचं नाव जुनं आहे. घोंगडी उजेडात धरून पाहावी. हातसूत कुठे जाड, कुठे बारीक दिसतं, यंत्राचं सगळं एकसारखं. काळा रंग कोळशासारखा एकजात असेल तर रंगवलेली समजावी, मेंढीचा काळा उन्हात थोडा तपकिरी मारतो. शंका उरलीच तर दशीचा एक धागा ओढून काडीनं पेटवावा. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. घरी आणल्यावर थंड पाण्यात, हातानं धुवावी, पिळू नये, सावलीत वाळवावी. वापरात नसेल तेव्हा घडीत कडुनिंबाचा पाला ठेवावा, नाहीतर कसर लागते.